कपलर आणि सीमोल्लंघन

शामसुंदर गायधनीची गाडी उजवा दिवा मिचकावत डावीकडे वळायची आणि डावा मिचकावत उजवीकडे. एवढं सोडलं तर गाडीत नाव ठेवायला जागा नव्हती, असं निदान शामसुंदरचं मत होतं. माणूस प्रेमात पडला की त्याला तिरळे डोळेसुद्धा पाणीदार दिसतात, त्यातलाच हा प्रकार.

गाडी त्याने खंडेरावाकडून घेतली होती. खंडेराव मखमलाबादच्या अंगाला झेंडू लावायचा आणि मागची सीट काढून टाकून, त्या जागी फुलांची पोती कोंबून रोज पहाटे गणेशवाडीच्या बाजारात आणायचा. पुढे त्याने टेंपो घेतला, सीट परत बसवली आणि गाडी शामसुंदरच्या गळ्यात घातली. पण झेंडू काही गाडीतून गेला नाही. पंखा लावला की जाळीतून वाळलेल्या पाकळ्या उडत आणि उन्हात गाडी तापली की आतून देवघरासारखा वास येई.

पाटबंधारे खात्याच्या कचेरीत शामसुंदरचं टेबल खिडकीपाशी होतं, आणि खिडकीपाशी टेबल मिळालेल्या कारकुनाचं जे होतं तेच त्याचं झालं होतं. तो सतत बाहेर असायचा. सुटीच्या दुपारी तो गाडीत जाऊन बसे, काच अर्धी खाली करी आणि गाडी जागची न हलवता लांब लांब फिरून येई. आडगाव नाका, माडसांगवी, चांदोरी, दोन्ही बाजूंना ऊस, मग गोदावरीचा पूल आणि पलीकडे सासरचं सायखेडं. पेट्रोलचा एक थेंब न जळता हा प्रवास होई. उत्तरा, म्हणजे त्याची बायको, गॅलरीतून हाक मारी, "आलात का परत? चहा टाकलाय." तिला नवऱ्याची ही सवय ठाऊक होती. लग्नानंतर बरंच काही ठाऊक होतं माणसाला.

प्रत्यक्षात गाडी बोळाच्या तोंडापर्यंत, फार तर रविवार कारंज्यापर्यंत जाई. तेवढ्यात बोळाला तिची भाषा आली. कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या बयाबाईने सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं, "गायधनी सायबाचा दिवा डावीकडं लागला का समजायचं, सायेब उजवीकडं जानार." दूधवाले, शाळकरी पोरं, रिक्षावाले, सगळे बिनबोभाट उलट वाचू लागले. खुद्द शामसुंदरचा हातही शिकला. डावीकडे वळायचं असलं की तो आपसूक दिव्याची दांडी उजवीकडे ओढी, म्हणजे दिवा बरोबर लागे. मग बोळातले लोक गोंधळत आणि त्याला शिव्या घालत. तेव्हा तो पुन्हा चूक वागू लागे. असं बरोबर आणि चूक यांच्या मधल्या धुक्यात त्याचे दिवस छान चालले होते.

खंडेरावाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला कुठं कळलं? मी हात भाईर काढून दाखवायचो. दिवा काय करतो ते दिव्यालाच म्हाईत."

हे असंच चाललं असतं, पण गणपतीत उत्तराचे वडील बोलून गेले.

रंगनाथआण्णा जन्मभर कालव्यावर होते. सायकल काढायची, कालव्याच्या कडेकडेने निघायचं, दारं उघडायची, पाणी मोजायचं, शिव्या खायच्या आणि अंधार पडता परतायचं. एवढ्या वर्षांत त्यांनी किती शिवा ओलांडल्या याची गणती नव्हती. आता गुडघे गेले होते. दसऱ्याला गावातली माणसं शिवेबाहेर जाऊन, आपट्याची पानं घेऊन परत येत आणि ओट्यावर बसलेल्या आण्णांच्या हातात सोनं देऊन पाया पडत. आण्णा आशीर्वाद देत आणि मग शिवेकडच्या रस्त्याकडे बघत बसत.

गणपतीत मोदक खाता खाता ते उत्तराला म्हणाले, "गाडी घेतलीत म्हणे. यंदा दसऱ्याला मला शिवेपर्यंत न्याल का? नुसतं ओलांडायचं आणि परत." आणि लगेच, "नाही तर राहू दे. उगीच बोललो."

परतताना बसमध्ये उत्तरा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आण्णांनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नाही. आता पुन्हा मागणार नाहीत ते. मला त्यांना न्यायचंच आहे."

शामसुंदर म्हणाला, "नेऊ की." स्वप्नात तो त्यांना केव्हाच नेऊन आला होता.

अडचण अशी की गाडीला नुकतीच पंधरा वर्षं भरली होती. पासिंग नव्याने करून घेतल्याशिवाय ती रस्त्यावर काढणं कायद्यात बसत नव्हतं. आणि शामसुंदर कायद्यात बसणारा माणूस होता. रिकाम्या बागेतही तो हिरवळीवर पाय ठेवत नसे.

पेठ रोडच्या परिवहन कचेरीत तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. तपासणीचे साहेब शांत होते. त्यांनी ब्रेक पाहिले, हॉर्न ऐकला, जाळीतून उडालेली पाकळी खांद्यावरून झटकली.

"डावा दाखवा."

उजवा लागला.

"उजवा दाखवा."

डावा लागला.

"साहेब, दोन्ही लागतात," शामसुंदर म्हणाला. "क्रम तेवढा बदललाय."

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की शामसुंदरला आपल्या शर्टाची इस्त्री उतरल्यासारखी वाटली. ते खाली वाकले, स्टेअरिंगखाली डोकावले. "इथल्या कपलरमध्ये, या वायरी जोडायच्या डबीत, दोन वायरींची अदलाबदल झालीय. काढून जागच्या जागी लावा. आणि हे बघा, तोडून टेप मारून आणू नका. तसं आणलं तर पुन्हा नापास." पुढची तारीख त्यांनी दिली ती खंडेनवमीची. म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस.

मेकॅनिकने तर आधीच कटर काढला होता. "तोडतो, उलटं जोडतो, टेप मारतो. चहा पिऊन या." टेप चालणार नाही म्हटल्यावर त्याने कटर पुसून ठेवला. "मग अख्खी वायरिंग बदला. या गाडीची आता मिळत नाही म्हणा," असं म्हणून तो दुसऱ्या गाडीखाली शिरला.

शामसुंदरचा स्वाभिमान जागा झाला. दोन वायरी. एकीला दुसरीच्या घरात बसवायचं. कचेरीत तर रोज माणसांच्या बदल्या होतात, आणि त्या वायरींपेक्षा कितीतरी अवघड असतात.

रविवारी दुपारी तो स्टेअरिंगखाली उताणा शिरला. डोकं पेडलांपाशी, पाठ दाराच्या उंबऱ्यावर, पाय बोळात. वर काळोखात तो कपलर दिसत होता. काडेपेटीएवढा पांढरा प्लास्टिकचा तुकडा, त्यात रांगेने खणे, प्रत्येक खणात एक वायर आणि वायरीच्या टोकाला पितळी पिन. शामसुंदरने हिरवी वायर धरून ओढली. आली नाही. जोरात ओढली. तरीही नाही. त्याने "अगं, ये की" असं हळूच म्हणून पाहिलं.

बोळातून जाणाऱ्यांना त्याचे फक्त पाय दिसत होते, आणि पाय दिसले की माणूस घरी आहे असं समजून बोलण्याची बोळाची रीत होती. शेजारचे यशोधन थत्ते पायांपाशी थांबले. थत्ते बँकेत होते, आणि कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी तिचं तत्त्व समजून घ्यावं, मग बहुधा हात लावावाच लागत नाही, असं त्यांचं धोरण होतं.

"शामराव, प्लास्टिक तापलं की फुगतं," थत्ते पायांना म्हणाले. "खण मोठा होईल, पिन आपण होऊन बाहेर पडेल. गरम पाण्याची पिशवी लावा."

उत्तराच्या कंबरदुखीची पिशवी आली. ती शामसुंदरच्या छातीवर आणि कपलरच्या गालावर अशी अर्धी अर्धी ठेवावी लागली. प्लास्टिक काही फुगलं नाही.

"त्येला त्याल सोडा," बयाबाई कोपऱ्यावरून म्हणाली. "खोबरेल. माजी बांगडी अशीच निगाली व्हती."

खोबरेल आलं. ते कपलरमध्ये थोडं गेलं आणि शामसुंदरच्या कानात पुष्कळ. मग छातीवर पिशवीची ऊब, कानात खोबरेल, नाकात झेंडू, दाराबाहेरून येणारं आश्विनातलं पिवळं ऊन, लांबून कोणत्या तरी देवळातली घंटा. आपण पुलावर आहोत असं त्याला वाटू लागलं. खाली गोदावरी संथ, पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या. शेजारी आण्णा बसलेत, टोपी घालून, आणि काही बोलत नाहीत, पण खूश आहेत हे कळतंय. शामसुंदर गाडी चालवतोय की गाडी त्याला, हेही कळत नव्हतं. एवढं गोड झोपणं त्याला सरकारी सेवेतही कधी जमलं नव्हतं.

पाय बराच वेळ हलले नाहीत तेव्हा बोळाला शंका आली. बयाबाईने पायाला हात लावून पाहिला. "गार पडलेत वो," ती म्हणाली. पाय सावलीत होते, पण तेवढा विचार कोण करतं? तिने टोपलीतला कांदा दगडावर फोडला, वाकून गाडीत शिरली आणि शामसुंदरच्या नाकाला लावला. थत्त्यांनी तत्त्वाला फाटा देऊन पाणी मारलं. पुलावरून तो एकदम खाली आला, आणि उठताना कपाळ स्टेअरिंगच्या दांड्यावर आपटून तिथे सुपारीएवढं टेंगूळ आलं. बोळभर जमलेल्या माणसांसमोर तो खोबरेल, कांदा आणि पाणी अशा अवस्थेत गाडीतून बाहेर आला. आणखी थोडं मीठ टाकलं असतं तर कोशिंबीरच झाली असती, असं थत्ते नंतर अनेकांना सांगत.

ते वाक्य शामसुंदरच्या कानावर आलं. त्या दिवसापासून कपलर ही वायरिंगची बाब राहिली नाही, इभ्रतीची झाली.

त्याच्या लक्षात आलं, की आत काही तरी अडतंय, आणि ते काढायला बारीक हत्यार पाहिजे. घरात बारीक म्हणून जे काही होतं ते गाडीत गेलं. उत्तराच्या केसांची आकडी वाकली. छत्रीची काडी खणाच्या मानाने जाड निघाली. ती परत छत्रीत बसेना, तेव्हा छत्रीही गेली. मग आजोबांच्या वेळचं चांदीचं कानकोरणं. ते मात्र अलगद आत गेलं, थोडं फिरलं, आणि टोक आत ठेवून बाहेर आलं. पहिली पिन निघायच्या ऐवजी कपलरमध्ये एक पाहुणा वाढला. ते टोक चिमट्याने काढण्यात ललितापंचमी गेली.

कचेरीत तो खिडकीबाहेर बघेनासा झाला. साहेब म्हणाले, "गायधनी, बरं नाही का?" शहरात गरबे चालू होते, बाजारात आपट्याच्या फांद्या यायला लागल्या होत्या, आणि सायखेड्याहून उत्तराच्या भावजयीचा फोन थत्त्यांकडे आला. आण्णांनी धुवट धोतर काढून ठेवायला सांगितलंय, असं ती म्हणाली. आणि विचारलं तर म्हणतात, सहज काढलंय.

उत्तरा फोन ठेवून आली आणि स्वयंपाकघरात उगीच डबे पुसत राहिली. शामसुंदरला वाटलं, ती रागावली असती तर बरं झालं असतं. "मी नाही करू शकलो गं," तो म्हणाला. एवढं सरळ वाक्य त्याने लग्नानंतर पहिल्यांदा उच्चारलं असावं.

अष्टमीला संध्याकाळी उत्तरा पदर खोचून खाली उतरली आणि स्टेअरिंगखाली शिरली. आता बोळात तिचे पाय होते. तिने काही ओढलं नाही. नुसतं बोट फिरवत राहिली.

"अहो, तुम्ही हे ओढत होतात?"

"मग काय करायचं? काढायचंय ना?"

"माझ्या तन्मणीच्या चापासारखं आहे हे. पिनेच्या पाठीवर बारीक जीभ आहे बघा, ती आत खाचेत अडकते. तुम्ही ओढाल तशी ती जास्तच चावणार." तिने खण पुन्हा चाचपला. मग म्हणाली, "माझी विणायची बारीक सुई द्या. अशी. आधी वायर आत ढकलायची. आहे त्याहून आत. म्हणजे जिभेवरचा ताण जातो. मग सुईने जीभ दाबायची."

खट् असा आवाज झाला. अगदी लहान, वेलदोडा सोलताना होतो तेवढा. हिरवी वायर शहाण्या मुलासारखी बाहेर आली. मागोमाग दुसरी. पिनेवर एक झेंडूची पाकळी चिकटलेली होती. उत्तराने ती फुंकरीने उडवली, वायरी एकमेकींच्या घरात घातल्या, आणि दोन्ही वेळा परत तोच खट्.

"आधी आत ढकलायचं," शामसुंदर स्वतःशीच म्हणाला. त्याला ते फार सुंदर वाटलं, पण का ते कळलं नाही.

खंडेनवमीला तो कचेरीतून रजा काढून पेठ रोडला गेला. साहेब तेच.

"डावा दाखवा."

शामसुंदरच्या हाताने इतक्या दिवसांच्या सवयीने दांडी उजवीकडे ओढली. उजवा लागला.

साहेबांनी चष्मा काढला. "गायधनी, गाडी सरळ झालीय. आता तुमचा कपलर बघा."

दुसऱ्यांदा मात्र हाताने ऐकलं. शिक्का बसला. दुपारी घरी हत्यारांची पूजा झाली. पाटावर वाकलेली आकडी, छत्रीची काडी, बिनटोकाचं कानकोरणं आणि मधोमध मानाने विणायची सुई. शामसुंदरने प्रत्येकाला हळदकुंकू वाहिलं, आणि सुईपुढे जरा जास्त वेळ हात जोडले.

दसऱ्याला सकाळी गाडी धुतली, तोरण बांधलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. उत्तरा पुढच्या सीटवर बसली, मांडीवर आपट्याची जुडी. बोळाच्या तोंडाशी उजवीकडे वळायचं होतं. शामसुंदरने दांडी बरोबर ओढली. उजवा दिवा खऱ्याखुऱ्या निष्ठेने मिचकू लागला.

समोरून खंडेराव हातगाडीवर झेंडूचा ढीग घेऊन येत होता. टेंपो नेमका आज बिघडला होता. बोळाची भाषा एव्हाना त्यालाही आली होती. त्याने दिवा पाहिला, उजवा. म्हणजे साहेब डावीकडे जाणार. त्याने विश्वासाने हातगाडी दुसऱ्या अंगाला घातली. बयाबाईनेही "डावीकडं जातायत रं" असं ओरडून शिक्कामोर्तब केलं. गाडी उजवीकडे वळली. हातगाडी आणि गाडी भेटल्या त्या अगदी हलक्या हाताने, पण झेंडूचा ढीग तेवढ्यानेही कलंडला आणि सगळा बॉनेटवर, काचेवर, टपावर बसला. गाडीला एवढी पूजा पुन्हा कधी मिळाली नसेल.

खंडेरावाने पाहिलं, सावकाश डोक्याचं फडकं सोडलं आणि म्हणाला, "तुमी सांगायचं तरी. की आता खरं बोलाया लागली."

शामसुंदर खाली उतरून फुलं गोळा करू लागला. खंडेराव आणि थत्तेही वाकले. बरीचशी परत हातगाडीवर गेली. जी फटीत, वायपरखाली, बॉनेटच्या कडेत राहिली ती काढायला खंडेराव नको म्हणाला. "असू द्या. तिचीच व्हती ती."

गाडी निघाली. आडगाव नाका गेला. माडसांगवी गेली. ऊस दोन्ही बाजूंनी वाऱ्याने हलत होता आणि बॉनेटवरून एकेक फूल मागे उडत होतं. हे सगळं त्याने इतक्या वेळा पाहिलं होतं, की खरं चाललंय यावर त्याचा विश्वास बसेना. त्याने हळूच उत्तराचं कोपर दाबून पाहिलं.

"जागे आहात," ती म्हणाली.

पूल ओलांडून दुपारी ते सायखेड्यात पोचले. आण्णा ओट्यावर आरामखुर्चीत होते. अंगावर धुवट धोतर, डोक्यावर टोपी, पायात वहाणासुद्धा. पण शामसुंदर पुढे झाला आणि "चला आण्णा, निघायचं ना?" म्हणाला, तसे ते खुर्चीत आणखी रुतले.

"कुठे? छे हो, शामराव. माझं काय वय आहे का आता. तुम्ही या फिरून. मी सहज म्हणालो होतो."

"गाडी दारातच आहे."

"गुडघे दुखतात."

शामसुंदरने हात धरून उठवायला पाहिलं. मेव्हण्याने दुसरा हात धरला. भावजय म्हणाली, "मामंजी, एवढे लांबून आलेत." जसजसं सगळे ओढू लागले तसतशी आण्णांची बोटं खुर्चीच्या हातांवर घट्ट होत गेली. त्यांचे डोळे मात्र गाडीवर होते. शामसुंदरला ते दिसलं.

उत्तरा पुढे आली. तिने नवऱ्याचा हात बाजूला केला, भावाचा हात सोडवला.

"राहू द्या त्यांना," ती म्हणाली. "आण्णा, बरोबर आहे तुमचं. ऊन आहे. तुम्ही आत चला बघू. आतल्या खोलीत अंथरूण घालते, पंखा लावते. पडा शांत. आम्ही जाऊन येतो आणि तुम्हाला सोनं आणून देतो. दर वर्षी देतात तसं."

आण्णांनी मुलीकडे पाहिलं, मग घराच्या आतल्या काळोखाकडे.

"मी काय आजारी आहे का?" ते म्हणाले. बोटं खुर्चीवरून सुटली. काठी घेऊन ते स्वतःचे स्वतः उठले, ओट्याच्या पायऱ्या उतरले आणि गाडीचं पुढचं दार उघडायची वाट न बघता कडी शोधू लागले. शामसुंदरने उत्तराकडे पाहिलं. ती मागच्या सीटवरच्या पाकळ्या झटकून बसायची तयारी करत होती आणि तिचे डोळे भरले होते.

गाडी गावाबाहेर पडली. आण्णांनी गुडघ्यांवर हात ठेवले होते. शिवेवर म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड होता आणि तिथून थोडं पुढे एक फाटा उजवीकडे कालव्यावर जात होता. म्हसोबा दिसल्यावर शामसुंदरने वेग कमी केला. ओलांडायचं आणि परत, असं ठरलं होतं. दगड मागे गेला. आण्णांनी हात जोडले. त्याने गाडी थांबवायला घेतली.

"थांबू नका," आण्णा म्हणाले.

मग फाटा जवळ येताच, रस्त्याकडेच बघत, "उजवीकडे घ्या. कालव्याच्या कडेने. पहिल्या दारापर्यंत. पाणी सोडलंय का बघू."

शामसुंदरने दांडी ओढली. टिकटिक सुरू झाली. पुढे मागे चिटपाखरू नव्हतं. नुसतं ऊन, ऊस आणि कालव्याचा चकाकणारा काठ.

"कोणाला दाखवताय?" आण्णांनी विचारलं.

वळण घेऊन झालं तरी शामसुंदरने दिवा बंद केला नाही. आण्णांनी काच खाली केली आणि ते बाहेर पाणी बघू लागले.